उषा उथुप : पट्टीत न बसलेला आवाज

रानजाई

उषा उथुप यांच्याविषयी बोलणे निघाले की कांजीवरम साडी, मोठी टिकली आणि 'रंबा हो' या तीन गोष्टींवर ते सुरू होते आणि तिथेच थांबते. २०२४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले तेव्हा आमच्या घरीही तेच झाले. ज्या आवाजामुळे त्या गायिका झाल्या, आणि ज्या आवाजामुळे त्यांना गायिका होणे अवघडही गेले, त्या आवाजाविषयी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

त्यांचा जन्म १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत झाला. माहेरचे आडनाव सामी; उथुप होण्याआधी त्या उषा अय्यर या नावाने गात. घर तमिळ, वडील मुंबईच्या पोलीस खात्यात आणि राहणे भायखळ्याच्या लव्हलेनमध्ये. घरात रेडिओला मोठा मान होता. त्यावर बडे गुलाम अली खाँ लागत, किशोरीताई आमोणकर लागत, आणि सिलोन केंद्र लावले की इंग्रजी गाणीही लागत. शिस्तीने गुरूकडे बसून गाणे शिकणे त्यांच्या वाट्याला आले नाही. जे काही कानावर पडले तेच शिक्षण. मोठ्या बहिणी आधीपासून गात होत्या. त्यांच्यामुळे रेडिओ निवेदक अमीन सायानी यांची ओळख झाली आणि नऊ वर्षांच्या उषाला रेडिओ सिलोनवर 'मॉकिंगबर्ड हिल' हे गाणे म्हणण्याची संधी मिळाली.

याच मुलीला भायखळ्याच्या सेंट ॲग्नेस शाळेत गाण्याच्या वर्गातून बाजूला काढण्यात आले होते. कारण एवढेच की तिचा आवाज इतर मुलींच्या आवाजात मिसळत नव्हता. तिला सूर नव्हता असे नाही, ताल नव्हता असेही नाही, पण सगळ्या मुली ज्या पट्टीत गात त्या पट्टीत तिचा गळा बसत नव्हता. बाईंनी तिला अगदीच दूर लोटले नाही, ताल धरायला हातात एक छोटे वाद्य दिले. हा प्रसंग उषाबाईंनी मुलाखतींमध्ये अनेकदा सांगितला आहे आणि दरवेळी हसत सांगितला आहे. मला मात्र तो वाचताना दरवेळी त्या वर्गातल्या हार्मोनियमची आठवण येते, जिची पट्टी कुणी एका मुलीसाठी खाली आणली नाही.

हिंदी चित्रपटाच्या बाबतीत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला होता. शमशाद बेगम, जोहराबाई अंबालेवाली, नूरजहाँ यांचे आवाज भरदार होते आणि नायिकेच्या तोंडी ते कुणाला खटकत नव्हते. १९४९ च्या सुमारास लताबाईंचा आवाज स्थिरावला आणि पुढची तीन दशके नायिकेचा आवाज म्हणजे उंच, बारीक आणि निर्मळ आवाज हे समीकरण इतके पक्के झाले की त्याहून वेगळा स्त्रीस्वर हा नायिकेचा असू शकतो हेच लोक विसरले. लताबाईंच्या थोरवीबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण एका थोर आवाजाचे माप पुढे सगळ्याच गळ्यांना लावले गेले, हेही तितकेच खरे आहे. अशा काळात मंद्र सप्तकात, म्हणजे खालच्या सुरांत, सहज राहणारा, जाड आणि मोकळा आवाज घेऊन एखादी तरुण मुलगी कुठे गेली असती?

ती नाइट क्लबात गेली. साठचे दशक संपत आले असताना मद्रासच्या माउंट रोडवर सफायर चित्रपटगृहाच्या इमारतीत 'नाइन जेम्स' नावाचा क्लब होता. तिथे उषा अय्यर साडी नेसून उभ्या राहिल्या आणि इंग्रजी गाणी गायल्या. क्लबात गाणाऱ्या बाईने झुळझुळीत गाऊन घालायचा हा त्या काळचा रिवाज होता. साडी नेसण्यामागे लोकांपेक्षा वेगळे दिसण्याचा बेत नव्हता, मध्यमवर्गीय घरातली मुलगी जे रोज नेसते तेच नेसून मी गेले, असे त्या सांगत आल्या आहेत. ऐकणाऱ्यांना गाणे आवडले, मुक्काम लांबला, आणि तिथून मुंबई, कोलकाता, दिल्ली अशी वाट सुरू झाली. त्याच सुमारास 'जांबलाया' आणि 'ग्रीनबॅक डॉलर' या इंग्रजी गाण्यांची त्यांची तबकडीही निघाली. हिंदीत पॉप हा शब्द रुळण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट आहे.

चित्रपटात त्या आल्या त्याही क्लबाच्याच दारातून. १९७० च्या 'बॉम्बे टॉकी'मध्ये शंकर-जयकिशन यांनी त्यांच्याकडून 'हरि ओम तत्सत' गाऊन घेतले. दिल्लीच्या ओबेरॉय हॉटेलात त्या गात असताना देव आनंद आणि त्यांच्या नवकेतन या चित्रसंस्थेची मंडळी तिथे आली आणि त्यातून १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये त्यांना गाणे मिळाले. पुढे राहुलदेव बर्मन यांच्याकडे 'शालीमार' (१९७८) मध्ये 'वन टू चा चा चा' आणि 'शान' (१९८०) मध्ये 'दोस्तों से प्यार किया', तर बप्पी लाहिरी यांच्याकडे 'हरि ओम हरि', 'रंबा हो' आणि 'कोई यहाँ नाचे नाचे' ही गाणी झाली. यादी फार लांब नाही. पण 'शान'चे शीर्षकगीत पुन्हा एकदा कान देऊन ऐका. पहिल्या ओळीत आवाज छातीतून येतो, शब्दाच्या शेवटाला त्या सूर अजिबात पातळ होऊ देत नाहीत, आणि मागे एवढा मोठा वाद्यवृंद असूनही आवाज त्याच्या पुढे उभा राहतो. असे गाणे गाऊ शकणारी दुसरी गायिका त्या वेळी मुंबईत नव्हती, असे माझे ठाम मत आहे. इतरांची मते वाचायला आवडतील.

जुनी_तबकडी

लेख आवडला, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. आवाज वेगळा होता हे मान्य, पण गायिका म्हणून त्यांच्या नावावर स्वतःचे असे किती आहे? 'हरि ओम हरि' ऐकताना इरप्शन या परदेशी गटाचे 'वन वे तिकीट' आठवते आणि 'कोई यहाँ नाचे नाचे' ऐकताना बगल्सचे 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' आठवते. कार्यक्रमांतही बराचसा भाग दुसऱ्यांनी गाजवलेल्या गाण्यांचा. आपल्याकडे पॉप खऱ्या अर्थाने रुजले ते पाकिस्तानी गायिका नाझिया हसनच्या 'आप जैसा कोई' (१९८०) आणि त्यानंतरच्या 'डिस्को दीवाने' (१९८१) मुळे. त्या मुलीच्या नावावर आख्खा अल्बम होता, त्याची चाल, त्याचा ठेका, त्याची ओळख तिची होती. उषाबाईंच्या बाबतीत असा एखादा अल्बम दाखवता येईल का? हा प्रश्न मी कमीपणा दाखवण्यासाठी विचारत नाही. त्यांचे कार्यक्रम मी आवडीने ऐकले आहेत.

रानजाई

जुनी_तबकडी, प्रश्न रास्त आहे. चाली उसन्या होत्या हे खरे, मात्र त्याचा जाब संगीतकाराला विचारायला हवा, गायिकेला नाही. नाझियाबद्दल आपण म्हणता ते सगळे मान्य. बिद्दू यांच्यासारखा लंडनमध्ये नाव कमावलेला निर्माता तिच्या पाठीशी होता, आणि पंधरा वर्षांच्या मुलीचा तो कोवळा आवाज त्यांनी यंत्रांच्या साहाय्याने ज्या पद्धतीने मांडला तो आपल्या कानांना नवा होता. उषाबाईंची जडणघडण मात्र स्टुडिओतली नाहीच. ती रोज रात्री समोर बसलेल्या माणसांपुढे झाली. क्लबाच्या गायिकेला फर्माईश आली की ती गावी लागते, मग ती कोणत्याही भाषेतली असो. त्यामुळे तिचा ठसा चालीत शोधून सापडत नाही. ओळखीचे गाणे ती ज्या तऱ्हेने आपले करते त्यात तो सापडतो.

'मलाइका'चे उदाहरण घ्या. स्वाहिलीतले हे प्रेमगीत त्यांनी नैरोबीत तिथल्याच लोकांपुढे गायले, तिथल्या कार्यक्रमाची तबकडी निघाली, आणि केनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी त्यांना देशाचे मानद नागरिकत्व दिले. आपल्या भाषेतले गाणे परक्या देशातली, साडी नेसलेली बाई गाते आहे आणि उच्चारात कुठे ठेच लागत नाही, हे ऐकल्यावर त्या लोकांना काय वाटले असेल याची कल्पना करून पाहा. आशाबाईंनी एखादा ठुमरीचा तुकडा गायल्यावर आपण त्याला उसनवारी म्हणत नाही. मग पॉप गाणाऱ्या बाईलाच स्वतःच्या चालींचा हिशेब का मागावा, हे मला कळत नाही.

हुगळीकाठ

नोकरीनिमित्त मी कोलकात्यात बावीस वर्षे काढली, त्यामुळे इथे थोडी भर घालतो. मुंबईत त्या 'रंबा हो'वाल्या असतील, पण कोलकात्यात त्या घरच्या आहेत. १९६९ साली पार्क स्ट्रीटच्या ट्रिंकाज या रेस्टॉरंटमध्ये त्या गायला आल्या. त्या वेळी पार्क स्ट्रीटवर एकेका दाराआड एकेक वाद्यवृंद होता आणि त्याच रस्त्यावर पॅम क्रेन ही गायिका जॅझ गात असे. त्या रस्त्यावर साडी नेसून गाणारी मुलगी ही नवलाची गोष्ट होती, आणि तिच्यामुळे एक फरक पडला जो माझ्या ऑफिसातले वयस्कर बंगाली सहकारी आवर्जून सांगत : बायकामुलांना घेऊन ट्रिंकाजला जाणे शक्य झाले. दुपारच्या चहाच्या वेळी आई, मावशी, शाळकरी मुले सगळी येऊन बसत आणि गाणे ऐकून संध्याकाळच्या आत घरी परतत.

जानी चाको उथुप हे केरळचे गृहस्थ त्यांना ट्रिंकाजमध्येच भेटले आणि अय्यरच्या उथुप झाल्या. अशा रीतीने जन्म मुंबईचा, माहेर तमिळ, सासर मल्याळी आणि घर बंगालमध्ये, असा हा संसार. केरळवरचे त्यांचे मल्याळम गाणे तिकडे आजही सगळ्यांना पाठ आहे. २०२४ च्या जुलैमध्ये जानी गेले. त्याच वर्षी, त्याच्या काही महिने आधी, पद्मभूषण झाले होते.

त्यांच्या कपाळावरच्या टिकलीवर बंगाली 'क' असतो, तो कोलकात्याचा. पायात कापडी बूट असतात आणि त्यावर कांजीवरमचे काठ शिवलेले असतात. एका कार्यक्रमाला मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो, तेव्हा माझी नजर बराच वेळ त्या बुटांवरच होती. जरीचा काठ टाचेपासून लेसच्या भोकांपर्यंत नीट वळवून शिवला होता, आणि टाच आपटून ठेका धरला की जर दिव्यात चमकत असे. तास-दीड तास उभे राहून गायचे तर पायाला सुख हवे, हा साधा व्यवहारही त्यात आहे आणि साडीशी रंग जुळला पाहिजे ही हौसही.

पण याच शहराने त्यांना एकदा फार दुखावले, आणि तेही सांगायला हवे. १९८३ साली डाव्या आघाडीच्या सरकारातले बांधकाम मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी त्यांच्या गाण्याला 'अपसंस्कृती' ठरवले आणि सरकारी सभागृह त्यांना मिळू नये अशी भूमिका घेतली. त्या गप्प बसल्या नाहीत, कलकत्ता उच्च न्यायालयात गेल्या आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. मंत्र्याला एखादे गाणे रुचत नाही एवढ्यावरून सार्वजनिक सभागृहाचे दार गायिकेला बंद करता येत नाही, हा त्या निकालाचा अर्थ. क्लबात गाणाऱ्या एका बाईने सरकारविरुद्ध दावा लावायचा आणि पुन्हा त्याच शहरात घर करून राहायचे, याला किती धीर लागला असेल! नंतर त्यांनी तिथेच 'व्हायब्रेशन्स' नावाचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ थाटला. २०१२ च्या 'कहानी'मध्ये कोलकात्यावरचे गाणे करायची वेळ आली तेव्हा विशाल-शेखर यांना त्यांचाच आवाज आठवला, यात आश्चर्य नाही.

सूरपेटी

मी गेली अठ्ठावीस वर्षे डोंबिवलीत गाण्याचे वर्ग घेते. या धाग्यातला शाळेचा प्रसंग वाचून मला काही लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मुलींना पेटीची काळी चार किंवा काळी पाच ही उंच पट्टी आणि मुलांना काळी एक किंवा पांढरी एक ही खालची पट्टी, असे आम्ही शिक्षक जवळजवळ डोळे मिटून धरून चालतो. बहुतेक गळ्यांना ते चालतेही. पण शंभरात दोन-चार मुली अशा येतात की त्यांचा षड्ज काळी चारला लागतो, मध्यम-पंचमापर्यंत त्या कशाबशा जातात आणि तारषड्जाला गळा आवळून येतो. मग आई-वडिलांना वाटते की मुलीला गाणे जमत नाही. मागच्या वर्षी माझ्याकडे अशीच एक चौदा वर्षांची मुलगी आली. आधीच्या एका वर्गात तिला समूहगीतात 'नुसते ओठ हलव' असे सांगितले गेले होते. पहिल्या दिवशी ती मान वर करून बोलतही नव्हती. मी पेटीवर काळी चारपासून एकेक पट्टी खाली येत गेले. काळी एकवर आले तेव्हा तिने सा लावला आणि खोलीतला तानपुरा आपोआप गुणगुणावा तसा तो सूर भरून राहिला. तिची आई दारात उभी होती, ती आत येऊन खाली बसली.

आपल्या शास्त्रीय संगीतात या आवाजाला मान आहे, हे मला इथे मुद्दाम सांगायचे आहे. गंगूबाई हनगल यांचा आवाज पुरुषी म्हणावा इतका भारदस्त होता आणि मराठी श्रोत्यांनी तो पुणे, मिरज, मुंबईच्या मैफलींत डोक्यावर घेतला. गंगूबाईंचा खर्ज, म्हणजे खालचे सूर, ऐकून डोळे मिटून दाद देणारा श्रोताच उषाबाईंचा आवाज ऐकून 'बाई आहे की पुरुष' असे विचारताना मी स्वतः ऐकला आहे. तानपुऱ्यासमोर जो आवाज आपल्याला गंभीर वाटतो, तोच ड्रमसमोर आला की आपल्याला विचित्र वाटतो. हा दोष गळ्याचा नाही, आपल्या कानांचा आहे, आणि त्यात आम्हा शिक्षकांचा वाटा मोठा आहे.

मांडवी

गोव्याकडून एक जोड देतो. उषाबाई ज्या काळात क्लबात गात होत्या, त्या काळच्या मुंबईतल्या हॉटेलांचे वाद्यवृंद बहुतांशी गोंयकार वादकांनी भरलेले असत. चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदाबरोबर लॉर्ना कोर्देरो गात. लॉर्ना १९४६ च्या, म्हणजे दोघी साधारण एकाच वयाच्या, दोघीही मुंबईत वाढलेल्या, दोघींचाही आवाज घोटीव गोडव्यापेक्षा घशातल्या जोरावर उभा राहणारा. 'बेब्दो', 'पिसो', 'लिस्बोआ' ही लॉर्नाची कोंकणी गाणी आमच्याकडे लग्नात आजही वाजतात. लॉर्ना पुढे वीसहून अधिक वर्षे मंचापासून दूर राहिली आणि १९९५ साली गोव्यात परत गायली, तेव्हा लोक रडत होते. उषाबाईंच्या वाट्याला असा खंड आला नाही. दोन्ही गायिकांची गाणी एकापाठोपाठ एक ऐकून पाहा, त्या काळच्या मुंबईच्या रात्रीचा आवाज कानात येतो.

जुनी_तबकडी

हुगळीकाठ आणि सूरपेटी यांचे प्रतिसाद वाचल्यावर माझा मुद्दा मी थोडा मागे घेतो. अल्बमच्या फुटपट्टीने मोजणे इथे चुकीचे होते. तरी एक खंत राहतेच. सत्तरच्या दशकात एखाद्या संगीतकाराने या आवाजासाठी संथ, दुःखाचे गाणे बांधायला हवे होते. मद्यपानाची, नाचाची, दरोडेखोरांच्या अड्ड्याची गाणीच त्यांच्याकडे का गेली? नायिका या आवाजात रडू शकत नाही, असे ठरवले कुणी?

रानजाई

याचे उत्तर खूप उशिरा आले आणि तेही अर्धेच आले. २०११ च्या '७ खून माफ'मध्ये विशाल भारद्वाज यांनी 'कालिंका' या रशियन गाण्याच्या आधारे 'डार्लिंग' बांधले आणि ते रेखा भारद्वाज व उषा उथुप यांच्याकडून गाऊन घेतले. गाणे वरवर मौजेचे आहे, पण चित्रपटाची नायिका एकामागून एक नवरे गमावत जाते हे ठाऊक असलेल्याला त्यातला काळोख ऐकू येतो. त्या चित्रपटात मॅगी नावाच्या मोलकरणीची भूमिकाही उषाबाईंनी केली. या गाण्यासाठी दोघींना २०१२ साली पार्श्वगायनाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. उषाबाई तेव्हा ६४ वर्षांच्या होत्या आणि हा त्यांचा पहिला फिल्मफेअर. त्याच्या आदल्या वर्षी, २०११ मध्ये, पद्मश्री झाले होते.

'डार्लिंग' ऐकताना मी नेहमी दोन आवाज वेगळे काढून पाहते. रेखाजींचा आवाज धुरकट आहे, वरून सरकत येतो. उषाबाईंचा खालून येतो आणि गाण्याची जमीन धरून ठेवतो. नायिकेच्याच गाण्यात दोन भारदस्त स्त्रीस्वर शेजारी शेजारी उभे राहिले, आणि कुणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. सेंट ॲग्नेसमधल्या त्या तासानंतर पन्नासएक वर्षांनी हे घडले. जुनी_तबकडी म्हणतात ते संथ गाणे मात्र झालेच नाही, आणि ही खंत माझीही आहे.

सूरपेटी

रानजाई, आपला प्रतिसाद वाचून कालच्या तासाला मी माझ्या त्या विद्यार्थिनीला दोन गाणी ऐकवली, 'दोस्तों से प्यार किया' आणि 'डार्लिंग'. पहिले संपले तेव्हा तिने विचारले, 'बाई, हे गाणाऱ्या बाई आहेत?' मी हो म्हणाले. तिने ते पुन्हा लावायला सांगितले, मग तिसऱ्यांदा स्वतःच लावले आणि ओळीच्या शेवटी आवाज कुठे सोडतात ते वहीत खुणा करून घेतले. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला हेच गायचे आहे. पट्टी काळी एकच ठेवली आहे. मुखडा बसला, अंतऱ्यात श्वास अजून कमी पडतो, त्यासाठी रोज पहाटे खर्ज लावायला सांगितले आहे. तिच्या आईचा सकाळी फोन आला होता. पहाटे साडेपाचला घरात सा लागतो आणि शेजारच्या आजोबांनी आमच्याकडे कोण पाहुणे आले आहेत म्हणून चौकशी केली, असे त्या सांगत होत्या.